गिटारच्या पोटातलं सामान बदलताना

पहिली इलेक्ट्रिक गिटार बहुतेकांची स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची आणि माफक किमतीची असते. लाकूड ठीक असतं, नेक हाताला बसलेली असते, वर्षभर सगळं सुरळीत चालतं. मग एका पावसाळ्यात व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर सुरू होते. स्विच एका ठरावीक जागी गेला की आवाजच गायब. केबल जरा हलली की अँपमधून धाडकन आवाज. एक जण सांगतो, नवीन गिटार घे. दुसरा सांगतो, पिकअप बदल. माझा अनुभव असा की दहापैकी आठ वेळा या दोन्हींची गरज नसते. मी स्वतः माझ्या पहिल्या गिटारसाठी तीन पिकअपचा सेट मागवला, बसवला, आणि खरखर तशीच राहिली. बिघाड जॅकमध्ये होता. तेव्हा जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथे लिहितो आहे.

आधी सिग्नलचा रस्ता समजून घ्या. तार थरथरली की पिकअपच्या गुंडाळीत अगदी क्षीण वीज तयार होते. ती स्विचमधून व्हॉल्यूमच्या पॉटकडे, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रोधाकडे, जाते. वाटेत टोनचा पॉट आणि कपॅसिटर तिच्यातला तीक्ष्णपणा हवा तेवढा काढून घेतात, आणि शेवटी ती जॅकमधून केबलमध्ये उतरते. यातले हलणारे भाग तीनच: पॉट, स्विच आणि जॅक. झिजतात तेच. पिकअप म्हणजे चुंबक आणि तांब्याची बारीक तार, तो नीट ठेवला तर दशकानुदशकं टिकतो.

पायरी १: दुखणं शोधा

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. एवढं एकच उपकरण हवं, पण ते हवंच. गिटारला केबल लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा. मल्टिमीटर २० किलोओमवर ठेवून एक काडी प्लगच्या टोकाला आणि दुसरी प्लगच्या दांडीला लावा. व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि स्विच एकेक जागी नेत आकडे लिहून काढा.

स्ट्रॅटमध्ये एकटा सिंगल कॉइल (एका गुंडाळीचा पिकअप) साधारण ५.५ ते ६.५ किलोओम दाखवतो, हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) ७.५ ते ८.५ किंवा जास्त. पाच जागांच्या स्विचवर २ आणि ४ या मधल्या जागी दोन पिकअप समांतर असल्यामुळे आकडा निम्म्याच्या आसपास येतो, म्हणजे ३ किलोओम. एखाद्या जागी मीटरवर काहीच आलं नाही, तर मीटर २ मेगओमच्या पट्ट्यावर न्या. तिथे २५० किलोओमच्या जवळचा आकडा दिसला, तर त्या पिकअपची जोडणी कुठेतरी तुटली आहे आणि तुम्हाला फक्त व्हॉल्यूमचा पॉट दिसतो आहे. शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. आता केबलचं टोक जॅकमध्ये हलवा. आकडा उड्या मारायला लागला तर जॅक किंवा केबल दोषी. केबल बदलून पुन्हा बघा, म्हणजे दोघांपैकी कोण ते कळेल.

खरखरीसाठी नवीन पार्ट मागवण्याआधी एक स्वस्त उपाय करा. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पॉट-स्विचच्या संपर्काच्या जागी थर बसतो. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या पायांजवळच्या फटीतून आत मारा आणि नॉब पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बिजागरीला मारतो तो साधा तेलकट स्प्रे इथे नको. खरखर गेली आणि महिना-दोन महिने परत आली नाही, तर पैसे वाचले. आठवड्यात परत आली तर आतला कार्बनचा पट्टा झिजला आहे. पॉट बदला.

पायरी २: मोजमाप घ्या

याच पायरीवर नवखे सर्वांत जास्त पैसे घालवतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

अमेरिकन घाटाचे पॉट आणि आशियाई घाटाचे पॉट एकमेकांच्या जागी सरळ बसत नाहीत. सीटीएस या नावाजलेल्या अमेरिकन कंपनीच्या पॉटच्या आट्यांना ३/८ इंच, म्हणजे ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं. स्वस्त गिटारच्या पिकगार्डवरचं भोक बहुधा ७ किंवा ८ मिलिमीटरचं असतं. ते मोठं करायचं तर रीमर किंवा पायऱ्यांचं ड्रिल वापरा. साध्या ड्रिलने प्लास्टिकचा पिकगार्ड तडकतो, मी तडकवलेला आहे.

मग नॉब. दाते असलेल्या दांड्याचे दोन प्रकार आहेत: अमेरिकन पॉटला २४ दाते, आशियाई पॉटला १८. एकाचा नॉब दुसऱ्यावर जबरदस्तीने दाबला तर प्लास्टिक फुटतं नाहीतर नॉब सैल राहतो. टेलिकास्टरसारख्या गिटारमध्ये दांडा बिनदात्यांचा, गोल असतो आणि नॉब बारीक स्क्रूने आवळला जातो. तिथे अमेरिकन दांडा ६.३५ मिलिमीटरचा आणि आशियाई ६ चा. म्हणून पॉट मागवताना त्याच्याबरोबर त्याच मापाचे नॉब मागवा.

आट्यांची उंचीही बघा. पिकगार्डवर किंवा धातूच्या पट्टीवर बसणाऱ्या पॉटला आखूड आटे पुरतात. लेस पॉलसारख्या गिटारमध्ये पॉट जाड लाकडातून वर काढावा लागतो, तिथे लांब आट्यांचा पॉट हवा, साधारण १९ मिलिमीटरचा. आतल्या खड्ड्याची खोली आणि रुंदीही मोजा. मोठ्या पॉटचा व्यास साधारण २४ मिलिमीटर, छोट्याचा १६. तीन मोठे पॉट ओळीने मावतील का, ते कागदावर गोल काढून बघा.

पायरी ३: पॉटची किंमत नाही, मूल्य ठरवा

पॉट म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा रोध. त्याचं मूल्य गिटारचा स्वभाव बदलतं, कारण पूर्ण उघडा असला तरी तो पिकअपवर ओझं टाकतच असतो. मूल्य कमी तर ओझं जास्त आणि आवाज मऊ. मूल्य जास्त तर ओझं कमी आणि आवाज धारदार. सिंगल कॉइल मुळातच धारदार, म्हणून त्याला २५०के (के म्हणजे किलोओम). हंबकर गडद, म्हणून त्याला ५००के. जॅझमास्टर आणि जॅग्वारला फेंडरने १ मेगओमचे पॉट दिले, त्या गिटारच्या चकाकीत त्यांचा मोठा वाटा आहे. ईएमजीसारख्या बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपला २५के लागतात आणि ते पिकअपबरोबर येतात. ते काढून साध्या पिकअपला लावू नका, आवाज रजईखालून आल्यासारखा येईल.

ब्रिजला हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल असतील तर? माझी पसंती ५००केच्या व्हॉल्यूमला. सिंगल कॉइल फारच टोचायला लागले तर त्या जागांवर स्विचमार्फत ४७०केचा रोध पॉटला समांतर जोडता येतो. ५०० आणि ४७० समांतर म्हणजे सुमारे २४२, सिंगल कॉइलला हवं तेवढंच ओझं. त्याला चार ओळींचा सुपरस्विच लागतो, म्हणून पहिल्याच खेपेला हा खटाटोप करू नका.

पॉटवर ए५००के किंवा बी२५०के असं छापलेलं असतं. हल्लीच्या आशियाई आणि अमेरिकन पॉटवर ए म्हणजे लॉग (आधी हळू, मग झपाट्याने वाढणारा), बी म्हणजे लिनियर (सारख्या चालीने वाढणारा). आपल्या कानाला आवाजाची वाढ लॉग पद्धतीने जाणवते, म्हणून व्हॉल्यूमला ए घ्या. लिनियर लावला तर १० पासून ३ पर्यंत फारसा फरक वाटत नाही आणि पुढे आवाज एकदम कोसळतो. टोनलाही बहुतेक जण ए लावतात, मीही. छापील अक्षरावर पूर्ण विसंबू नका. दांडा बरोबर मध्यावर ठेवा आणि नॉब बंद केल्यावर शून्य दाखवणारा बाजूचा पाय आणि मधला पाय यांच्यात मोजा. एकूण मूल्याच्या निम्मं आलं तर लिनियर, दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास आलं तर लॉग.

पॉट विकत घेताना मापाची खात्री करून घ्यायची आणखी एक गोष्ट. साध्या पॉटच्या मूल्यात वीस टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतात. म्हणजे ५००के छापलेला पॉट प्रत्यक्षात ४०० असू शकतो आणि ६००सुद्धा. दहा टक्क्यांच्या आतले पॉट थोडे महाग मिळतात, ते घ्यावेत. शक्य असेल तर दोन-तीन मोजून त्यातला सर्वांत जास्त मूल्याचा व्हॉल्यूमला लावा. जोडलेल्या पॉटचं मूल्य मात्र तसंच मोजू नका, समांतर असलेला पिकअप मीटरला फसवतो. एका बाजूची तार आधी सोडवा.

नावं सांगायची तर सीटीएस आणि बोर्न्स यांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येतो. तैवानच्या अल्फाचे मोठे, २४ मिलिमीटरचे पॉटसुद्धा चांगले चालतात, आणि आशियाई मापाच्या गिटारमध्ये काही न कापता बसतात. पिकगार्डला ड्रिल लावायची भीती वाटत असेल तर अल्फा घ्या, त्यात कमीपणा काही नाही. चांगल्या पॉटची खूण हाताला कळते: फिरवताना सगळीकडे सारखी, किंचित जड चाल, आणि दांडा बाजूला हलवला तर डगडग नाही.

पायरी ४: स्विच आणि जॅक

१९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिचा स्विच तीन जागांचा होता. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवायचे, कारण तिथे दोन पिकअप एकत्र वाजून वेगळाच पोकळ, गोड आवाज यायचा. फेंडरने पाच जागांचा स्विच १९७७ मध्ये अधिकृतपणे दिला. आज ओक ग्रिग्सबी आणि सीआरएल हे दोन प्रकार घेण्याजोगे. दोन्ही उघडे, आतली पाती दिसणारी. क्लीनर मारता येतो, बिघाड डोळ्यांना दिसतो. स्वस्त गिटारमधला स्विच बहुधा प्लास्टिकच्या बंद डबीतला असतो आणि त्याच्या आठ पिना एका ओळीत असतात. जागा मिळत असेल तर तो बदलाच.

उघडा स्विच जास्त खोल आणि रुंद असतो, म्हणून खड्डा मोजल्याशिवाय मागवू नका. त्याच्या पात्याची जाडी वेगळी असल्यामुळे जुनी टोपीही बसेलच असं नाही, नवीन टोपी सोबत घ्या. आणि जुन्या स्विचच्या पिनांचा क्रम बघून नव्या स्विचला तारा जोडू नका. मल्टिमीटर बझरवर ठेवा, स्विच एकेक जागी न्या आणि कोणती पिन कोणाशी जुळते ते कागदावर मांडा. दहा मिनिटांचं काम आहे.

जॅकसाठी माझं उत्तर गेली अनेक वर्षं एकच आहे: स्विचक्राफ्ट ११, साधा मोनो. त्याची पट्टी प्लगला घट्ट धरते आणि वर्षानुवर्षं धरून ठेवते. बॅटरीचे पिकअप असतील तर त्याचा स्टिरिओ भाऊ, १२बी. तिथे प्लग आत गेल्यावरच बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची. स्ट्रॅटच्या होडीसारख्या जॅकप्लेटमध्ये जागा अरुंद असते. जॅकचे पाय बाजूच्या धातूला किंवा लाकडाखालच्या शिल्डिंगला टेकणार नाहीत असा वळवून बसवा, नाहीतर गिटार मुकी होते आणि कारण सापडत नाही.

जॅक सैल झाला की लोक बाहेरून नट आवळतात. आत अख्खा जॅक फिरतो, तारा पिळवटतात आणि तुटतात. प्लेट उघडा, जॅक आतून धरा आणि मग नट आवळा.

पायरी ५: कपॅसिटर आणि तारा

कपॅसिटरवर जेवढी भावना ओतली जाते तेवढी गिटारच्या दुसऱ्या कुठल्याच पार्टवर नाही. तेलात बुडवलेले कागदी, नारिंगी रंगाचे, साठ वर्षांपूर्वीचे, आणि किंमत शेकड्यांपासून हजारांपर्यंत. माझं मत स्पष्ट आहे: मूल्य महत्त्वाचं, जात नाही. टोन १० वर असताना सिग्नल आणि कपॅसिटर यांच्यात पॉटचा अख्खा रोध उभा असतो, तिथे कपॅसिटरची जात ऐकू येत नाही. साधा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन फिल्म घ्या. हंबकरला ०.०२२ मायक्रोफॅरड, सिंगल कॉइलला ०.०४७ ही रूढ मूल्यं. सुरुवातीच्या स्ट्रॅटमध्ये ०.१ होता. तेवढ्याने टोन बंद केला की आवाज फारच बुजतो. मला सिंगल कॉइललासुद्धा ०.०२२च आवडतो.

अंगावरचे आकडे वाचायला शिका: २२३ म्हणजे ०.०२२, ४७३ म्हणजे ०.०४७, १०४ म्हणजे ०.१. व्होल्टेज ५० किंवा १०० पुरतं. ६०० व्होल्टचा घेतला तर फक्त आकार वाढतो.

व्हॉल्यूम कमी केला की गिटारची धार जाते, अशी तक्रार पुष्कळांची असते. पॉटचा रोध आणि केबलमधली धारकता मिळून वरचे स्वर खातात, त्यामुळे ते होतं. उपाय म्हणजे व्हॉल्यूमच्या पिकअपकडून येणाऱ्या पायावर आणि मधल्या पायावर १५०केचा रोध आणि १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर, ज्यावर १०२ लिहिलेलं असतं, हे दोन्ही एकमेकांना समांतर जोडणं. फिल्मचा बारीक कपॅसिटर घ्या. खर्च चहाइतका आणि फरक लगेच कळणारा.

तारा २२ गेजच्या घ्या. कापडी वेष्टनाची, मागे सरकवता येणारी तार नवख्यांना सोयीची, सोलावी लागत नाही. मोठ्या खड्ड्यातल्या लांब अंतरासाठी, विशेषतः जॅककडे जाताना, शिल्ड असलेली तार वापरा. सिंगल कॉइलची गुणगुण हा त्यांचा जन्मजात गुण आहे, आपल्याकडे ती ५० हर्ट्झच्या विजेची. खड्ड्याला आणि पिकगार्डच्या पाठीला तांब्याची चिकटपट्टी लावली की पंखा, डिमर, संगणक यांची खरखर बरीच कमी होते. पट्टीचा गोंदही वीज वाहणारा हवा, आणि सगळी पट्टी ग्राउंडला जोडलेली हवी. गिटारच्या वाजवायच्या तारांना हात लावल्यावर आवाज शांत होत असेल तर ब्रिजची ग्राउंडची तार शाबूत आहे. हात लावल्यावर उलट वाढत असेल, तर जॅकवर हॉट (सिग्नलची तार) आणि ग्राउंड उलटे जोडले आहेत का ते बघा. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र अँपची केबल लगेच काढा आणि घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा. तो दोष गिटारचा नव्हे.

पायरी ६: पिकअप, सर्वांत शेवटी

पॉट, स्विच, जॅक नीट झाल्यावर महिनाभर वाजवा. मग पिकअपची उंची जुळवा. तार शेवटच्या पडद्यावर (फ्रेटवर) दाबून जुन्या घाटाच्या सिंगल कॉइलसाठी जाड तारेखाली २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करा. पिकअप फार जवळ असला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर लागत नाही. अनेकांचा "खराब पिकअप" एवढ्यानेच बरा होतो.

तरीही बदलायचाच असेल तर ब्रिजचा हंबकर घेताना तारांखाली येणाऱ्या पहिल्या आणि सहाव्या खिळ्यांमधलं अंतर मोजा. गिब्सन पद्धतीचं ४९ ते ५० मिलिमीटर, फेंडरसारख्या रुंद ब्रिजला ५१ ते ५३ लागतं. डिमार्झिओ त्याला एफ-स्पेस्ड म्हणते, सेमूर डंकन ट्रेमबकर म्हणते. स्ट्रॅटचा मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवाचा आहे ना, हे विचारा. तसा असेल तरच २ आणि ४ या जागी गुणगुण मरते. केवळ किलोओमच्या आकड्यावरून जोर ठरवू नका, बारीक तार वापरली की आकडा आपोआप वाढतो.

तारांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात. सेमूर डंकनमध्ये काळी हॉट, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडलेल्या, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी जोडलेल्या, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. एकीचा नकाशा बघून दुसरीचा पिकअप जोडला की आवाज पातळ येतो किंवा येतच नाही.

पायरी ७: कुठून घ्यायचं आणि कसं जोडायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मल्टिमीटर, सोल्डर, फ्लक्स, शिल्डची तार, फिल्म कपॅसिटर, रोध हे सगळं मिळतं. दुकानदाराला "गिटारसाठी" सांगण्यापेक्षा थेट मूल्य सांगा. पॉट, स्विच आणि जॅक मात्र गिटारच्या पार्टचा व्यवहार करणाऱ्याकडूनच घ्या. रेडिओ-अँपसाठीचे कार्बन पॉट दिसायला तसेच असतात, पण चाल आणि दांडा जुळत नाही. ऑनलाइन घेताना आट्यांचा व्यास, दात्यांची संख्या, दांड्याची लांबी आणि लॉग की लिनियर हे लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरीकडे जा.

सोल्डर ६०/४० किंवा ६३/३७, आत रोझिन असलेलं. ६३/३७ बरोबर १८३ अंशांना वितळतं आणि लगेच घट्ट होतं, नवख्या हाताला ते सोपं. पॉटची पाठ उष्णता ओढून घेते, त्यामुळे २५ वॉटचा आयर्न तिथे रेंगाळतो आणि तेवढ्यात आतला कार्बन भाजतो. ४० ते ६० वॉटचा, रुंद टोकाचा आयर्न घ्या. पाठ आधी बारीक पॉलिशपेपरने घासा, आयर्न टेकवा, तीन-चार सेकंदांत सोल्डर पसरलं पाहिजे. चमकदार आणि पसरलेलं हवं. गोळी होऊन बसलं तर पुन्हा करा. डोक्यावरचा पंखा बंद ठेवा आणि खिडकी उघडी. गिटारवर जाड कापड पांघरा, सोल्डरचा एक थेंब लाकडावरच्या पॉलिशला कायमचा डाग पाडतो. सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झालं की हात साबणाने धुवा.

काहीही सोडवण्याआधी तीन बाजूंनी फोटो काढा. एका वेळी एकच पार्ट बदला. पिकगार्ड स्क्रूने बसवण्याआधी केबल लावून स्विचच्या पाचही जागी प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा. जो पिकअप चालू असायला हवा तोच बोलला पाहिजे.

काढलेले जुने पार्ट लगेच टाकू नका. जुन्या अमेरिकन गिटारचे असतील तर पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचा: १३७ ने सुरुवात म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, आणि पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. अशी गिटार कधी विकायची वेळ आली तर घेणारा आधी हेच विचारतो. पार्ट एका डबीत ठेवा आणि डबीवर गिटारचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.